फीडबॅक फॉर्म : सगळ्यांना पाच दिले की झालं?

मागच्या अंकात लिहिलं होतं की कॉलेजातल्या स्टुडंट फीडबॅकबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा, आणि खरं सांगते, मला वाटलं दोन-चार मेल येतील. ढीग आला. विद्यार्थी, प्राध्यापक, आईवडील, एक एचओडी (विभागप्रमुख), आणि जवळजवळ प्रत्येकाने शेवटी "नाव छापू नका" असं लिहिलंय. फीडबॅकबद्दल बोलायला पण लोकांना नाव नको असतं यातच निम्मी गोष्ट आली. तर नावं काढून टाकलीत, गावं थोडी मोघम केलीत आणि सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, सांगलीकडचा. आमच्याकडे सेमिस्टरच्या शेवटी ईआरपीवर (कॉलेजच्या ऑनलाइन सिस्टिमवर) फीडबॅक भरल्याशिवाय हॉल तिकीट डाउनलोडच होत नाही. लॉगिन पीआरएन (विद्यार्थ्याचा नोंदणी नंबर) टाकूनच करावं लागतं आणि वर लिहिलेलं असतं की तुमची ओळख गुप्त राहील. कशी काय राहील? सगळे मित्र डोळे मिटून सगळ्या सरांना ५ देतात आणि मोकळे होतात. मी पण तेच करू का?

शंका रास्त आहे तुझी. कसंय, ईआरपीमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवता येतात, फॉर्म कोणी भरला ही एक आणि काय भरलं ही दुसरी. नीट बनवलेल्या सिस्टिममध्ये पहिलीला तुझा पीआरएन चिकटलेला असतो आणि दुसरीला नसतो, त्यामुळे हॉल तिकीट अडवता पण येतं आणि उत्तर कोणाचं ते कळत पण नाही. पण तुमच्या कॉलेजात तसं केलंय का हे लॉगिनच्या पानावरून कळणार नाही, ते ॲडमिन पासवर्डवाल्यालाच माहीत. सीआरमार्फत (वर्गप्रतिनिधीमार्फत) एकदा लेखी विचारा की रिपोर्ट शिक्षकांना कसा दिसतो, कोण काढतं आणि कधी दिसतो. गुगल फॉर्म असेल तर वरच्या ओळी वाच, ईमेल नोंदवला जाणार असेल तर तिथे तसं लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही एवढंच.

खरी भीती कॉम्प्युटरची नसतेच पण. इलेक्टिव्हला वर्गात आठच पोरं असतील आणि त्यातला एकच जण "सर, तुम्ही फार फास्ट जाता ना" असं रोज म्हणत असेल, तर फॉर्मवर ते वाक्य कोणाचं हे शोधायला पीआरएन लागत नाही. अशा छोट्या वर्गात नेहमीच्या बोलण्यापेक्षा वेगळं, साधं कोरडं लिहायचं.

आणि "कधी दिसतो" हे विचारायला विसरू नकोस. इंटर्नल, टर्म वर्क, ओरल सगळ्याचे मार्क भरून लॉक झाले की मगच फीडबॅक शिक्षकांना दिसायला हवा. तुमच्याकडे ओरलच्या आधीच एचओडीच्या टेबलावर प्रिंट जात असेल तर पोरं ५ देणारच, त्यात त्यांची काही चूक नाही.

आता डोळे मिटून ५ देण्याबद्दल. सगळ्यांना ५ दिले की जे सर खरोखर रात्री बसून नवीन उदाहरणं काढून आणतात आणि जे पीपीटी वाचून दाखवतात, दोघांचा रिपोर्ट सारखाच येतो, आणि मग मॅनेजमेंटला वाटतं सगळं छान चाललंय. आकडे भरायचा कंटाळा असेल तर भर काहीही, पण खाली कमेंटचा चौकोन असतो ना, तिथे एक ओळ लिही. "टीचिंग सुधारा" असली नाही, तिचा कोणाला काही उपयोग नाही. "युनिट ४ दोन लेक्चरमध्ये उरकलं, त्यावर एकही न्यूमरिकल सोडवलं नाही" अशी.

प्रश्न : मी पुण्यात ३० वर्षांहून जास्त शिकवतोय. आता १९ वर्षांची मुलं मला पाचपैकी मार्क देतात. आमच्या काळी असलं काही नव्हतं. हे अमेरिकेचं फॅड आपण उचललंय आणि ही सरळसरळ पॉप्युलॅरिटी कॉन्टेस्ट आहे. तुमचं मत काय?

सर, फॅड म्हणाल तर फार म्हातारं फॅड आहे हे. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने १९२७ साली शिक्षकांसाठीची रेटिंग स्केल आणली, म्हणजे जवळपास शंभर वर्षं झाली. आणि आपल्याकडे पण हे नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, धाकाने काल सुरू झालं असं नाहीये, १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिलं होतं की शिक्षकांच्या मूल्यमापनाची खुली, सगळ्यांचा सहभाग असलेली आणि माहितीवर आधारलेली पद्धत उभी करू. लिहिलं होतं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

पॉप्युलॅरिटी कॉन्टेस्टबद्दल मात्र तुमच्या बाजूने बोलायला माझ्याकडे भरपूर मसाला आहे. डॉक्टर फॉक्सचा किस्सा ऐकलाय का? १९७० साली कॅलिफोर्नियातल्या काही संशोधकांनी मायकल फॉक्स नावाच्या नटाला "डॉ. मायरन फॉक्स" म्हणून उभं केलं, विषय दिला "डॉक्टरांच्या शिक्षणात गणिती गेम थिअरी", आणि त्याच्याकडून मुद्दाम परस्परविरोधी विधानं, विनोद, अर्थ नसलेले शब्द असं सगळं घोटवून घेतलं. समोर बसलेले कोण, तर मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सोशल वर्कर, सगळे शिकलेसवरलेले. त्यांनी फॉर्मवर त्याला झकास रेटिंग दिलं. १९७३ ला हा पेपर छापून आला. नंतर १९९३ मध्ये हार्वर्डच्या अंबाडी आणि रोझेन्थाल यांनी शिक्षकांचे आवाज बंद केलेले अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ अनोळखी लोकांना दाखवले, त्या लोकांनी दिलेले मार्क सेमिस्टरच्या शेवटी वर्गाने दिलेल्या मार्कांशी बऱ्यापैकी जुळले. आवाज बंद, बरं का! आणि जर्मनीत मेडिकलच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये आला, काही गटांना तासाला चॉकलेटची बिस्किटं ठेवली, काहींना नाही. बिस्किटवाल्यांनी शिक्षकाला तर जास्त मार्क दिलेच, कोर्सच्या नोट्सना पण दिले. (बिस्किटं आणू नका सर, एचओडी बिल पास करणार नाहीत.)

पण मला सगळ्यात टोचणारा अभ्यास वेगळाच आहे. अमेरिकेच्या एअर फोर्स अकॅडमीत मुलांना कोणता शिक्षक मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, निवडायची सोय नाही, आणि परीक्षा सगळ्यांची एकच. त्यामुळे तुलना स्वच्छ करता येते. कॅरेल आणि वेस्ट यांनी तिथल्या १०,००० हून जास्त विद्यार्थ्यांचा डेटा घेतला, २०१० ला छापला. त्यात दिसलं की ज्यांच्या वर्गाचे त्याच विषयात मार्क चांगले आले त्या शिक्षकांना फीडबॅकही चांगला मिळाला, पण हीच मुलं पुढच्या, वरच्या गणितात मागे पडली, आणि अनुभवी, जरा कडक शिक्षकांच्या हाताखालची मुलं तेव्हा रडली आणि पुढे टिकली. आपल्या भाषेत सांगायचं तर आयएमपी (परीक्षेला येतील असे नेमके प्रश्न) देणारे सर त्या वर्षी हिरो आणि बेसिक पक्कं करणारे सर व्हिलन, आणि फॉर्म भरून घेतात त्या वर्षीच.

इथपर्यंत तुम्ही खुश झाला असाल. आता पुढचं ऐका. मेसच्या जेवणात मीठ जास्त पडलंय हे पहिल्या घासाला कोणीही सांगू शकतो, त्यासाठी डिग्री लागत नाही, पण त्यात प्रोटीन किती आहे हे जेवणाऱ्याला विचारून कळत नाही. विद्यार्थ्यांचं तसंच आहे. तुम्ही वेळेवर येता का, शेवटच्या बाकापर्यंत आवाज जातो का, बोर्डावरचं दिसतं का, शंका विचारली तर अपमान करता का, टेस्टचे पेपर तपासून परत देता का, हे त्यांच्याइतकं नीट कोणालाच माहीत नसतं, प्रिन्सिपलला तर नाहीच नाही. त्यांना हे विचारायलाच हवं. तुम्ही विषयात किती मुरलेले आहात, सिलॅबस आजच्या काळाला धरून आहे का, मुलं खरंच किती शिकली, हे मात्र त्यांना विचारून काय मिळणार? गोंधळ असा आहे की आपण दोन्ही प्रश्न एकाच फॉर्मवर घालतो, सगळ्याची सरासरी काढतो आणि ४.१ म्हणून फाइलला लावतो.

आणि "आमच्या काळी नव्हतं" हे मला पटत नाही हां. मास बंक काय होता मग? फलाण्या सरांच्या तासाला खिडकीत उभी राहून ऐकणारी पोरं आणि ढिकाण्या सरांच्या तासाला अख्खा वर्ग कँटीनमध्ये, हा फीडबॅकच होता, फक्त तो नॅकच्या फाइलला लावत नव्हते.

प्रश्न : मी मराठवाड्यात एका सीनियर कॉलेजला सीएचबीवर (तासांच्या हिशोबाने पगार, कायम नेमणूक नाही) अर्थशास्त्र शिकवते. यंदा माझा फीडबॅक ३.४ आला, माझ्यासोबत सीएचबीवरच असलेल्या सरांचा ४.२. प्राचार्य म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. आम्ही दोघं एकाच नोट्सवरून शिकवतो. बाई म्हणून मला कमी मिळालं असेल का, की मी उगाच मनाला लावून घेतेय?

बाहेरच्या देशांत यावर जे काम झालंय ते आधी सांगते. २०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या एका ऑनलाइन कोर्सचा अभ्यास छापून आला. तिथे मुलांना शिक्षक दिसतच नव्हते, नुसतं नाव. एक पुरुष आणि एक बाई शिकवत होते आणि त्यांनी काही गटांत नावांची अदलाबदल केली, म्हणजे बाई पुरुषाच्या नावाने आणि तो तिच्या नावाने. शिकवणारं माणूस कुठलंही असो, ज्या गटाला वाटलं की आपल्याला पुरुष शिकवतोय त्यांनी मार्क जास्त दिले. त्यातली एक गोष्ट फार बोलकी आहे. दोघांनी तपासलेलं काम अगदी एकाच वेळी परत द्यायचं ठरवलं होतं, आणि तरी "वेळेवर काम परत देतात" याला पुरुषी नावाला पाचपैकी ४.३५ आणि बाईच्या नावाला ३.५५. घड्याळ तेच, दिवस तोच! अभ्यास छोटा होता, ४३ विद्यार्थीच, त्यामुळे एकट्या त्याच्यावर फार भार टाकू नये. पण २०१६ मध्ये बोरिंग, ओटोबोनी आणि स्टार्क यांनी फ्रान्समधल्या एका विद्यापीठाचे २३,००० हून जास्त फॉर्म तपासले, तिथेही पुरुष शिक्षकांकडे झुकतं माप दिसलं, तेही मुख्यतः मुलांकडून, मुलींकडून नाही. आणि अमेरिकेतल्या त्या नावबदलाच्या डेटात नेमकं उलटं, तिथे मुलींनीच पुरुषी नावाला जास्त दिलं होतं. म्हणजे कल कुठे कसा असेल याचा एक नियम नाही, आणि म्हणूनच "सगळ्यांच्या मार्कातून अमुक इतका वजा करा" असं करून तो दुरुस्त पण करता येत नाही.

तुमच्या ३.४ मध्ये यातलं किती आहे हे लांबून सांगता येणार नाही मला, आणि सांगितलं तर ती थाप होईल. पण तो आकडा आहे तसा गिळू नका. प्राचार्यांकडे किंवा आयक्यूएसीकडे (कॉलेजचा गुणवत्ता कक्ष) दोन गोष्टी मागा. एक, वर्गात किती मुलं आणि फॉर्म किती जणांनी भरले. ६० च्या वर्गात १४ जणांनी भरला असेल तर त्या १४ मध्ये रागावलेले तिघे सगळं चित्र फिरवू शकतात, नेमके ज्यांची अटेंडन्स कमी पडल्यामुळे नावं डिफॉल्टर लिस्टला लागली ते. दोन, सरासरी नको, वाटणी द्या म्हणावं, ५ किती, ४ किती, १ किती. निम्म्यांनी ५ आणि निम्म्यांनी १ दिला तरी सरासरी ३ येते आणि सगळ्यांनी ३ दिला तरी ३ च येते, पण हे दोन वर्ग म्हणजे दोन वेगळी प्रकरणं आहेत, एकात शिक्षक काहींना पार आवडत नाही आणि दुसऱ्यात तो कोणाला आठवतच नाही.

तिसरं काम तुमचं तुम्हीच करायचं. सीएचबीवाल्याची नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती, त्यामुळे परमनंट सरांना ३.४ आला तर चहासोबत विषय संपतो आणि तुमची मात्र पुढच्या वर्षीची भाकरी त्याच्यावर टांगलेली. म्हणून त्या आकड्याच्या शेजारी ठेवायला दुसरे कागद तयार ठेवा, टीचिंग प्लॅन, घेतलेल्या टेस्ट, तपासलेले पेपर, युनिव्हर्सिटीचा त्या पेपरचा निकाल. आणि विभागातल्या एखाद्या सीनियर मॅडमना सांगा, माझ्या एका तासाला मागे येऊन बसा आणि अर्धं पान लिहून द्या. वर्गात येऊन बसणं आपल्याकडे अपमान वाटतं लोकांना, पण तुमच्या बाबतीत तेच पान उपयोगी पडेल.

मुलाखतीत किंवा मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली तर कॅनडाची एक केस लक्षात ठेवा. टोरांटोमधल्या तेव्हाच्या रायर्सन विद्यापीठात शिक्षक संघटना आणि प्रशासन यांचा यावरून बरीच वर्षं वाद चालला होता आणि २०१८ मध्ये लवाद विल्यम कॅप्लान यांनी निकाल दिला की प्रमोशन आणि टेन्युअर (कायमची नेमणूक) ठरवताना शिकवणं किती परिणामकारक आहे हे मोजायला हे फॉर्म वापरायचे नाहीत. फॉर्म बंद करा असं ते म्हणाले नाहीत, विद्यार्थ्यांचा अनुभव कळायला ते ठेवा म्हणाले. आपल्यावर तो निकाल बंधनकारक नाही हे उघड आहे, पण "आकडा हाच पुरावा" म्हणणाऱ्याला निदान थांबून ऐकावं लागतं.

प्रश्न : मुलीची बीएस्सीची ॲडमिशन करायची आहे. एका कॉलेजच्या वेबसाइटवर "स्टुडंट सॅटिस्फॅक्शन सर्व्हे ३.६" असं मोठ्या अक्षरात आहे. पाचपैकी ३.६ म्हणजे बरं की वाईट?

आधी ते पाचपैकी आहे का ते बघा. नॅकचा जो स्वतःचा सर्व्हे आहे त्यात २१ प्रश्न असतात, पहिले २० पर्यायांचे, त्यांना ० ते ४ असे गुण, आणि शेवटचा मोकळा, त्यात सुचवण्या लिहायच्या. म्हणजे ते नॅकचं ३.६ असेल तर चारपैकी आहे आणि चांगलंच म्हणायला हवं. कॉलेजने आपल्या आपण घेतलेला फीडबॅक वेगळा, त्याची स्केल काहीही असू शकते. नॅकचा सर्व्हे नॅक स्वतः मुलांना मेल करून घेतं, कॉलेज फक्त मुलांची यादी आणि मेल आयडी पुरवतं, त्यामुळे त्यात कॉलेजचा हात कमी. कमी म्हटलं, नाहीच असं नाही म्हटलं. मेल यायच्या आधी सेमिनार हॉलमध्ये पोरांना बसवून "फॉर्म कसा भरायचा" याचं ओरिएंटेशन घेणारी कॉलेजं आहेत आणि त्या ओरिएंटेशनमध्ये काय सांगतात हे कुठल्याही पोराला विचारा. शिवाय सगळ्यांनी भरायची गरज नसते, कॉलेजसाठी एकूण विद्यार्थ्यांच्या १० टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल तेवढे प्रतिसाद आले की पुरतात.

मी तुमच्या जागी असते तर तो आकडा सोडून त्याच वेबसाइटवर "फीडबॅक" किंवा "आयक्यूएसी" मध्ये जाऊन ॲक्शन टेकन रिपोर्ट नावाची पीडीएफ उघडली असती. नॅकसाठी ती टाकावीच लागते. बहुतेक ठिकाणी दोन रकाने असतात, डावीकडे सूचना, उजवीकडे कार्यवाही. डावीकडे "प्रॅक्टिकल वाढवावीत", उजवीकडे "प्रॅक्टिकल वाढवण्यात येतील". डावीकडे "लायब्ररीची वेळ वाढवावी", उजवीकडे "सूचना विचाराधीन". मागच्या वर्षीची पीडीएफ उघडा, त्यात पण तेच, फक्त वर्ष बदललंय, कधीकधी ते पण नाही. अशी असेल तर ३.६ विसरा. पण एखाद्या ठिकाणी लिहिलेलं दिसेल की केमिस्ट्रीच्या लॅबला बॅच लहान केल्या, अमुक महिन्यापासून, किंवा लायब्ररी परीक्षेच्या काळात रात्री नऊपर्यंत उघडी ठेवली. तिथे मुलीला घेऊन चक्कर मारून या, आणि लायब्ररीत साडेआठला जा.

प्रश्न : मी मूळचा कोल्हापूरचा, अमेरिकेत पीएचडी करतोय आणि टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून लॅब घेतो. दर सेमिस्टरला दोन-तीन कमेंट ॲक्सेंटवर असतातच, "काय बोलतो कळत नाही". गाईड म्हणतात दुर्लक्ष कर. खरंच माझं इंग्लिश एवढं वाईट आहे का?

असेलही थोडं, माझं पण आहे. पण डॉन रुबिन यांचा १९९२ चा प्रयोग माहीत करून घे. ओहायोतल्या, इंग्लिश हीच मातृभाषा असलेल्या एकाच बाईच्या आवाजातलं लेक्चर टेपवर ऐकवलं, आणि सोबत काहींना गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. आवाज तोच. आशियाई फोटो बघणाऱ्यांना त्यात परका ॲक्सेंट ऐकू आला, आणि त्यांना लेक्चर पण कमी समजलं. तेव्हा "कळत नाही" मधलं थोडं तुझ्या तोंडात आहे आणि थोडं त्यांच्या डोळ्यांत. तुझ्या वाट्याचं तेवढं तू कर, लॅबच्या सुरुवातीला नवीन शब्द, युनिट्स, आकडे बोर्डावर लिही, सांगताना त्याच्याकडे बोट कर. बाकीच्याचा ताण घेऊ नकोस. आणि प्राध्यापकांना रेटिंग देणाऱ्या त्या तुमच्याकडच्या साइटवर स्वतःचं नाव शोधत बसू नकोस, तिथे २०१८ पर्यंत शिक्षक "हॉट" आहे का यासाठी मिरचीचं चिन्ह द्यायची सोय होती, एवढं सांगितलं तरी पुरे.

प्रश्न : नागपूरजवळच्या प्रायव्हेट इंजिनिअरिंग कॉलेजला असिस्टंट प्रोफेसर आहे. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) ३६० डिग्री फीडबॅकमध्ये १०० पैकी २५ गुण विद्यार्थ्यांच्या फीडबॅकचे आहेत. सीनियर सांगतात, आयएमपी दे, इंटर्नल सैल सोड, आपोआप वाढेल. तसं न करता वाढवता येतो का?

येतो, पण त्यासाठी शेवटच्या फॉर्मची वाट बघायची नाही. सेमिस्टर संपल्यावरचा फीडबॅक हा पुढच्या बॅचच्या उपयोगाचा, जी पोरं तो भरतात त्यांना त्यातून काहीच मिळत नाही, म्हणून ती वैतागून भरतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात, पहिली टेस्ट व्हायच्या आधी, तासाची शेवटची दहा मिनिटं राखून ठेव. वहीचं अर्धं पान फाडायला सांग, नाव नाही, दोनच प्रश्न. या विषयात आत्ता कुठे अडलंय? आणि मी वर्गात काय बदललं तर तुम्हाला बरं पडेल? तू वर्गाबाहेर जा, सीआर गोळा करेल. अक्षर ओळखू येईल अशी भीती असेल तर फोनवरून फॉर्म घे, पण मला कागद बरा वाटतो, फोन हातात आला की पोरं आधी इन्स्टा उघडतात.

चिठ्ठ्या वाचताना मजा येते. थोडा राग पण येतो. "मागे फॅनखाली काहीच ऐकू येत नाही." "पुसायच्या आधी फोटो काढू द्या ना सर." "पीपीटी पळते." "तुम्ही नेहमी पहिल्या दोन बाकांनाच प्रश्न विचारता." "डेरिव्हेशनमध्ये तिसऱ्या स्टेपनंतर काय झालं ते अजून कळलं नाही." "सर छान शिकवता", या खूप असतात, त्या बाजूला ठेव. आणि एखादी असते "तुमचा शर्ट", तीही बाजूला ठेव. मग पुढच्या तासाला पहिली पाच मिनिटं त्यांना सांग की काय काय आलं, काय बदलणार आणि काय बदलणार नाही आणि का. फॅन बंद करता येणार नाही, मे महिना आहे, पण मी मागे येऊन बोलेन. फोटोला दोन मिनिटं देईन. सर्प्राइज टेस्ट बंद करणार नाही कारण तुम्ही त्याशिवाय वही उघडत नाही हे आपल्या दोघांना माहीत आहे. एवढं बोलून दाखवलंस ना, की शेवटच्या फॉर्मला पोरं वेगळ्या मूडमध्ये बसतात.

अजून एक, तू जर गटात प्रॉब्लेम सोडवून घेणं वगैरे करत असशील तर ते का करतोय हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाक. हार्वर्डला फिजिक्सच्या वर्गावर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये छापून आला, त्यात मुलांना स्वतः सोडवायला लावलं तेव्हा ती टेस्टमध्ये जास्त शिकलेली निघाली, पण त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण कमी शिकलो, गुळगुळीत लेक्चर ऐकल्यावर सगळं कळल्यासारखं वाटतं ना तसं इथे वाटत नाही. डोकं दुखलं की पोरं ते शिक्षकाच्या खात्यावर टाकतात. का दुखतंय हे आधी सांगितलं तर टाकत नाहीत, निदान कमी टाकतात.

आयएमपी दिलेस तर गुण वाढतील, हे सीनियर खोटं बोलत नाहीयेत. वर एअर फोर्सवाला अभ्यास सांगितलाय तो वाच आणि तुझं तू ठरव. वरचं सगळं करून २५ पैकी २५ पडतील अशी गॅरंटी मी देत नाही.

प्रश्न : मी सीआर आहे, टीवायबीकॉम. आमच्या एका विषयाचे सर महिन्यातून चार-पाच तास घेतात. आम्ही सलग तीन सेमिस्टर फीडबॅकमध्ये लिहिलं, काहीच झालं नाही. मग हे फॉर्म भरायचेच कशाला?

फीडबॅक फॉर्म ही तक्रार नाही, आणि तुम्ही तीन सेमिस्टर तक्रार चुकीच्या पेटीत टाकताय. फॉर्मवरचं "सर येत नाहीत" हे १२० उत्तरांच्या सरासरीत जाऊन ३.८ होतं, त्याला उत्तर द्यायची जबाबदारी कोणावरच नसते. सर शिकवतात कसं हा फीडबॅकचा विषय, शिकवतच नाहीत हा अर्जाचा.

तर अर्ज करा. प्राचार्यांच्या नावाने, विषय, वर्ग, टाइमटेबलप्रमाणे तास कधी होते आणि कोणत्या तारखांना झाले नाहीत याचा साधा तक्ता, खाली जेवढ्या सह्या मिळतील तेवढ्या. एकट्याच्या सहीने देऊ नका. सरांचा स्वभाव, ते क्लासेस घेतात का, गाडी कुठली आहे, यातलं काही लिहू नका, फक्त तारखा. इथे लाइब्रेरियन किंवा शिपाईमामांना विचारून काही होत नाही, महिनाभर रोज वहीत लिहून ठेवायचं, ते काम सीआरचं.

त्याने काही हललं नाही तर यूजीसीचे विद्यार्थी तक्रार निवारणाचे २०२३ चे नियम आहेत, त्याप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, तिने तक्रार आल्यापासून कामाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिथेही पटलं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं, त्यासाठी निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत आहे, ती चुकवू नका. समितीतली नावं कॉलेजच्या वेबसाइटवर किंवा नोटीस बोर्डावर असतात, नसतील तर अर्जात तेही विचारा. (कोणी छेडछाड, घाणेरडं बोलणं असं काही सोसत असेल तर ते फीडबॅकमध्ये पण नको आणि या समितीकडे पण नको, त्यासाठी अंतर्गत तक्रार समिती वेगळी असते, तिथेच जायचं.)

फॉर्म तरीही भरा, पाच मिनिटांचं काम आहे आणि बाकीच्या सरांबद्दल लिहायला तीच जागा आहे. अर्ज देताना मात्र दोन प्रती न्यायच्या, एक ऑफिसला द्यायची आणि दुसरीवर इनवर्ड नंबर आणि तारखेचा शिक्का मारून घ्यायचा. क्लार्क म्हणेल ठेवून जा, शिक्का नंतर मारतो. थांबायचं तिथेच.